जुन्या पोस्टना मुदत घालताना

१. दोन प्रश्न

समाजमाध्यमांवर दहा-बारा वर्षं काढलेले लोक हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात : माझ्या जुन्या पोस्ट ठरावीक काळानंतर आपोआप पुसल्या जातील अशी काही सोय आहे का? आणि लगेच त्याला जोडून दुसरा : त्यासाठी माझं खातं कुणा परक्याच्या ताब्यात द्यावं लागतं का?

पहिल्याचं उत्तर ‘काही ठिकाणी आहे’ असं आहे. दुसऱ्याचं उत्तर ‘नाही, थोडी खटपट करायची तयारी असेल तर मुळीच नाही’ असं आहे. पुसण्याचं काम करणारा छोटासा प्रोग्राम आपल्याच घरातल्या संगणकावर चालवता येतो. तंत्रज्ञ याला सेल्फ-होस्टिंग म्हणतात. हे प्रकरण त्या घरच्या प्रोग्रामविषयी आहे.

मुदतीची कल्पना आपल्याला नवी नाही. व्हॉट्सॲपने नोव्हेंबर २०२० मध्ये सात दिवसांनी नाहीसे होणारे संदेश आणले, नंतर त्यात २४ तास आणि ९० दिवस हे पर्यायही दिले. पण ती सोय खासगी गप्पांपुरती आहे. चारचौघांत केलेल्या पोस्टना बहुतेक ठिकाणी मुदतच नसते. आपण हाताने पुसत नाही तोवर त्या राहतात. आणि हाताने पुसणं म्हणजे काय, याचा हिशेब करून पाहा. समजा १०,००० जुन्या पोस्ट आहेत आणि एक पोस्ट शोधून, तीन ठिपक्यांवर दाबून, ‘खात्री आहे का’ला होकार देऊन पुसायला १० सेकंद लागतात. एकूण १,००,००० सेकंद, म्हणजे जवळपास २८ तास. हे काम माणसाने करायचं नाही, यंत्राने करायचं.

२. मुदतीने काय साधतं, काय नाही

जुलै २०१८ मध्ये डिस्नेने ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’ या चित्रपटमालिकेचा दिग्दर्शक जेम्स गन याला काढून टाकलं. कारण होतं त्याने कित्येक वर्षांपूर्वी केलेली काही किळसवाणी ट्विट. ती कुणीतरी मुद्दाम उकरून काढून पसरवली होती. त्याने माफी मागितली आणि मार्च २०१९ मध्ये त्याला परत घेतलं गेलं. ती ट्विट चांगली नव्हतीच. तरीही एवढ्या वर्षांत माणूस बदलला, पण त्याच्या नावाखालचं वाक्य जसंच्या तसं राहिलं, हा भाग प्रत्येकाला लागू होतो. विशीत लिहिलेलं वाक्य चाळिशीत नोकरी देणाऱ्यासमोर उभं राहतं, तेव्हा ते कोणत्या भांडणात, कोणाच्या चेष्टेला उत्तर म्हणून लिहिलं होतं हे कुणालाच आठवत नाही.

याच्या शेजारी आपल्याकडची एक घटना ठेवून बघायला हवी. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. त्याबद्दल पालघरमधल्या एका तरुणीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या लाइक केल्या आणि दोघींना अटक झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ‘६६ अ’ हे कलम त्यावेळी देशभर चर्चेत आलं आणि २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. पण आपल्या विषयासाठी महत्त्वाची गोष्ट अशी की ती पोस्ट जुनी नव्हतीच. ती ताजी होती. एक वर्षाची किंवा एक महिन्याची मुदत घातलेली असती तरी त्या दोघींना तिचा काडीचाही उपयोग झाला नसता.

म्हणजे मुदत घातल्याने आज लिहिलेल्या गोष्टीपासून संरक्षण मिळत नाही. मिळतं ते वर्षानुवर्षं साचत गेलेल्या ढिगापासून. अपेक्षा एवढीच ठेवली तर पुढे निराशा होत नाही.

३. परकी सेवा की घरचं यंत्र

पोस्ट पुसून देणाऱ्या वेबसाइट आहेत. तिथे जायचं, ‘परवानगी द्या’ हे बटण दाबायचं, बाकी सगळं त्या पाहतात. सोपं आहे, म्हणूनच आधी ती परवानगी म्हणजे काय ते समजून घ्यायला हवं.

आपण ‘परवानगी द्या’ म्हणतो तेव्हा त्या सेवेला आपला पासवर्ड मिळत नाही. तिला अक्षरं आणि आकडे यांची एक लांबलचक ओळ मिळते. तिला टोकन म्हणतात. ते टोकन ज्याच्याकडे आहे तो आपल्या वतीने, आपण मान्य केलेल्या मर्यादेत, आपलं खातं वापरू शकतो. गावी जाताना कुंड्यांना पाणी घालायला आपण शेजाऱ्यांकडे गच्चीची किल्ली ठेवतो. कपाटाची ठेवत नाही. टोकनलाही अशा हद्दी घालता येतात. एखादं टोकन फक्त पोस्ट वाचू शकतं, एखादं पोस्ट लिहू आणि पुसूही शकतं, तर एखादं खासगी संदेशही उघडू शकतं. पुष्कळ जण मर्यादा न वाचताच बटण दाबतात आणि सगळ्याच किल्ल्यांचा जुडगा देऊन बसतात.

परक्या सेवेचा दुसरा धोका असा की ती आपल्या मर्जीवर चालू नसते. मायका ली या अमेरिकी पत्रकार-प्रोग्रामरने ट्विटरवरची जुनी ट्विट पुसण्यासाठी ‘सेमीफेमरल’ नावाचं साधन तयार केलं होतं. आधी ते लोकांनी आपापल्या संगणकावर चालवायचं होतं, नंतर त्याची वेबसेवाही निघाली. इलॉन मस्क यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्विटर विकत घेतलं आणि २०२३ च्या सुरुवातीला प्रोग्रामना मिळणारा फुकट प्रवेश बंद करण्याचं जाहीर झालं. सेमीफेमरलसारख्या सेवा त्या फटक्यात गेल्या. इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की घरच्या यंत्रालाही हा फटका बसतोच, कारण दार समोरच्याने बंद केलं. फरक राहतो तो हातात काय उरतं याचा. सेमीफेमरल आपली ट्विट आधी घरच्या संगणकावर उतरवून घेत असे आणि मग पुसत असे. ज्यांनी ते घरी चालवलं त्यांच्याकडे दार बंद झाल्यावरही आपल्या लिखाणाची प्रत होती.

मला वाटतं, घरच्या यंत्राचा खरा फायदा हाच आहे. आपलं लिखाण कंपनीच्या कपाटातून काढून स्वतःच्या कपाटात आणायचं आणि मगच तिथलं पुसायचं. नुसतं पुसायचं असेल तर परकी सेवा पुरेशी आहे. राखून पुसायचं असेल तर यंत्र आपलं हवं.

४. प्रोग्राम नेमकं काय करतो

उदाहरणासाठी मॅस्टोडॉन घेऊ. ऑयगेन रोख्को या जर्मनीतल्या प्रोग्रामरने २०१६ मध्ये ते सुरू केलं. ही एका कंपनीची एकच वेबसाइट नाही. हजारो वेगवेगळे सर्व्हर एकमेकांशी बोलतात आणि आपलं खातं त्यांपैकी एकावर असतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद केलं गेलं तेव्हा भारतातून बरेच लोक निषेध म्हणून मॅस्टोडॉनवर गेले होते. त्यांत मराठी मंडळीही होती.

मॅस्टोडॉन निवडण्याचं कारण असं की इथे प्रोग्रामला आत यायला पैसे पडत नाहीत आणि नियम उघड लिहिलेले आहेत. प्रोग्रामने पडद्यावरची बटणं न दाबता सर्व्हरशी थेट व्यवहार करण्याची जी ठरलेली पद्धत असते तिला एपीआय म्हणतात. टोकन मिळवायलाही कुणाकडे अर्ज करावा लागत नाही. खात्याच्या सेटिंगमध्ये ‘डेव्हलपमेंट’ या भागात जाऊन नवीन ॲप नोंदवलं की टोकन समोर येतं. तिथेच हद्द ठरवायची : पोस्ट वाचणं आणि पोस्ट लिहिणं-पुसणं. बाकीच्या सगळ्या खुणा काढून टाकायच्या.

यापुढे प्रोग्रामचं काम असं चालतं. तो सर्व्हरला म्हणतो, या खात्याच्या पोस्ट दे. सर्व्हर एका वेळी जास्तीत जास्त ४० देतो, मग प्रोग्राम त्याआधीच्या ४० मागतो, असं करत तळापर्यंत जातो. प्रत्येक पोस्टसोबत तिची तारीख, तिला मिळालेले लाइक, ती पिन केलेली आहे का, हॅशटॅग कोणते, चित्रं कुठे आहेत ही सगळी माहिती येते. प्रोग्राम तारीख तपासतो. पोस्ट मुदतीच्या हद्दीपेक्षा जुनी असेल तर ती राखायच्या यादीत बसते का ते बघतो. बसत नसेल तर तिची प्रत घरच्या फाइलमध्ये उतरवतो, चित्रं असतील तर तीही घेतो, आणि मग सर्व्हरला ती पुसायला सांगतो. काय केलं ते एका नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, लिहितो आणि पुढच्या पोस्टकडे वळतो. एवढंच.

हे सगळं तुम्हाला स्वतः लिहायचीही गरज नाही. पायथन भाषेतलं ‘एफेमेटूट’ हे मॅस्टोडॉनसाठीचं छोटं साधन अशाच रीतीने चालतं. ‘फर्गेट’ नावाचं दुसरं साधन अनेक खात्यांसाठी एक छोटी वेबसेवाच घरी उभी करतं. एकट्या माणसाला त्या दुसऱ्याचा पसारा जास्त होतो, कारण त्याला वेगळा डेटाबेस वगैरे सांभाळावा लागतो. त्यामुळे एका खात्यासाठी पहिल्या प्रकारचं साधनच बरं. दोन्हींचा प्रोग्राम खुला आहे, कुणालाही वाचता येतो.

आता कुणी विचारेल की मॅस्टोडॉनने २०२२ पासून सेटिंगमध्येच आपोआप पुसण्याची सोय दिली आहे, एक आठवड्यापासून दोन वर्षांपर्यंतची मुदतही निवडता येते, मग ही खटपट कशाला? ती सोय चांगली आहे आणि ज्यांना फक्त पुसायचं आहे त्यांनी तीच वापरावी. पण ती पुसण्याआधी प्रत घरी आणून देत नाही, आणि ‘या हॅशटॅगच्या पोस्ट ठेव’ असं तिला सांगता येत नाही.

५. आधी राखायचं काय ते ठरवा

या कामात डोकं लागतं ते इथे. तारखेची तुलना कोणताही प्रोग्राम करेल. कोणती पोस्ट ठेवायची हे मात्र त्याला आपण सांगायचं आहे, आणि बहुतेकांनी याचा कधी विचारच केलेला नसतो.

पहिला, सोपा निकष म्हणजे पिन केलेल्या पोस्ट. त्या आपण स्वतःच मिरवायला वर लावलेल्या असतात, त्या ठेवायच्या. दुसरा निकष लोकप्रियतेचा : अमुक लाइकच्या वरच्या ठेवा. हा निकष मला फसवा वाटतो. ज्या पोस्टला सर्वांत जास्त लाइक मिळाले ती पुष्कळदा भांडणाची, टोमण्याची किंवा ताज्या बातमीवरची असते, आणि वडिलांच्या आजारपणात डॉक्टर कसा शोधला याबद्दल लिहिलेल्या पोस्टला सहा लाइक असतात. लोकप्रियतेचा नियम लावला तर टोमणा राहतो आणि अनुभव जातो. तिसरा निकष जास्त भरवशाचा आहे : ज्या पोस्टला तुम्ही स्वतः बुकमार्क केलं आहे ती ठेवायची. स्वतःच्या पोस्टला बुकमार्क करायला दोन सेकंद लागतात आणि तो निर्णय तुमचा असतो. चौथा हॅशटॅगचा. गड-किल्ल्यांच्या भटकंतीच्या, पक्षिनिरीक्षणाच्या, पाककृतींच्या पोस्टना तुम्ही ठरावीक हॅशटॅग लावत असाल तर त्या अख्ख्या मालिकेला अभय देता येतं.

साखळीने लिहिलेल्या पोस्टकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं. बारा पोस्टची साखळी असेल आणि त्यातली फक्त पाचवी निकषात बसत असेल, तर साधा प्रोग्राम बाकीच्या अकरा पुसतो आणि पाचवी अधांतरी राहते. ‘म्हणून मी त्यांना नाही म्हटलं’ एवढंच वाक्य जगासमोर उरतं. आधीचं-नंतरचं सगळं गेल्यावर अशी पोस्ट न पुसलेल्या पोस्टपेक्षाही घातक ठरू शकते. सेमीफेमरलमध्ये साखळीतली एक पोस्ट निकषाला उतरली तर सबंध साखळी राखण्याची सोय होती. तुमच्या साधनात ती नसेल तर साखळीच्या प्रत्येक पोस्टला बुकमार्क लावा.

आणि इतरांनी विचारलेल्या प्रश्नांना दिलेली उत्तरं? एखाद्याने अर्ज कसा भरायचा, बँकेचं अमुक काम कसं करायचं असं विचारलं आणि तुम्ही नीट समजावून सांगितलं असेल, तर ते उत्तर पुसल्यावर प्रश्न तिथे एकटा राहतो. पुढे तोच प्रश्न घेऊन येणाऱ्याला काहीच सापडत नाही. अशी उत्तरं ठेवावीत असं माझं मत आहे. ती आता तुमच्या एकट्याची नाहीत.

निकष लिहून झाले की लगेच पुसायला सुरुवात करायची नाही. जवळजवळ प्रत्येक चांगल्या साधनात कोरडी चाचणी असते : प्रोग्राम सगळं काम करतो, फक्त शेवटची पुसण्याची आज्ञा देत नाही. काय पुसलं असतं त्याची यादी दाखवतो. ती यादी सुट्टीच्या दिवशी चहा घेऊन निवांत वाचा. दरवेळी त्यात दोन-चार पोस्ट अशा निघतात ज्या आपण लिहिल्या होत्या हेच आपण विसरलेलो असतो आणि ज्या आपल्याला हव्या असतात.

६. तारीख आणि घड्याळ

नियम ३६५ दिवसांचा आहे आणि आज १५ जानेवारी २०२५ आहे असं समजा. हद्द १५ जानेवारी २०२४ असेल असं वाटतं. पण २०२४ हे लीप वर्ष होतं. ३६५ दिवस मागे गेलं की आपण १६ जानेवारी २०२४ ला पोहोचतो. शिवाय सर्व्हर वेळ नोंदवतो ती जागतिक प्रमाणवेळेत, आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. तुम्ही १ फेब्रुवारीला पहाटे दोन वाजता लिहिलेली पोस्ट सर्व्हरच्या लेखी ३१ जानेवारीच्या रात्री साडेआठची असते. एका दिवसाच्या फरकाने आभाळ कोसळत नाही, पण यादी आणि आठवण जुळत नसेल तर कारण बहुधा यातलंच एक असतं.

घरच्या यंत्राचं घड्याळ चुकणं मात्र गंभीर आहे. या कामासाठी बरेच जण रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक वापरतात. त्याच्या चौथ्या आवृत्तीपर्यंत बॅटरीवर चालणारं घड्याळ नव्हतं. वीज गेली की त्याचं घड्याळ थांबतं, परत आली की शेवटच्या नोंदीपासून सुरू होतं, आणि इंटरनेट जोडल्यावर बरोबर होतं. घड्याळ मागे राहिलं तर फार बिघडत नाही. पोस्ट आहेत त्यापेक्षा ताज्या वाटतात आणि कमी पुसल्या जातात. पण काही कारणाने ते दोन वर्षं पुढे गेलं तर कालची पोस्टही हद्दीपलीकडची ठरते आणि प्रोग्राम निष्ठेने सगळं साफ करतो.

यावर एक साधा आणि पक्का उपाय आहे. एका फेरीत जास्तीत जास्त किती पोस्ट पुसायच्या याला मर्यादा घाला. १० वर्षांत १२,००० पोस्ट केल्या असतील तर वर्षाला १,२००, आठवड्याला साधारण २३. दर आठवड्याला एक फेरी असेल तर तेवढ्याच पोस्ट हद्द ओलांडतील. मर्यादा ५० ची ठेवली की नेहमीचं काम अडत नाही, आणि कधी आकडा ५० च्या वर गेला तर प्रोग्राम थांबतो. काहीतरी बिनसलंय हे तुम्हाला लॉग बघून कळतं.

७. पहिली साफसफाई

नेहमीची फेरी छोटी असते. पहिली प्रचंड असते. मघाच्या १२,००० पोस्टपैकी १,२०० गेल्या वर्षभरातल्या म्हणून राहतील, ८०० निकषांमुळे राहतील असं धरू. १०,००० पुसायच्या आहेत.

वाचायला वेळ लागत नाही. १२,००० पोस्ट ४० च्या पानांनी मागवायला ३०० विनंत्या पुरतात, आणि मॅस्टोडॉन पाच मिनिटांत ३०० विनंत्या स्वीकारतं. पुसण्याचा नियम मात्र कडक आहे : अर्ध्या तासात ३०. म्हणजे तासाला ६०, दिवसाला १,४४०, आणि १०,००० साठी जवळपास सात दिवस. हे कंजूषपणाने केलेलं नाही. पोस्ट ज्या ज्या सर्व्हरवर पोहोचली होती त्या प्रत्येकाला ‘ही पुसा’ असा निरोप धाडावा लागतो. एका पोस्टमागे शेकडो निरोप जाऊ शकतात आणि लहान सर्व्हर एखादा स्वयंसेवक पदरमोड करून चालवत असतो. म्हणून प्रोग्रामला दम धरायला शिकवायचं. ३० झाल्या की झोप, वेळ भरली की उठ. एफेमेटूटमध्ये त्यासाठी वेग आवरण्याचा पर्यायच दिलेला आहे. ही पहिली फेरी ५० ची मर्यादा तात्पुरती काढून, कोरड्या चाचणीची यादी तपासल्यावर, स्वतःच्या देखरेखीखाली चालवा.

ब्लूस्काय या दुसऱ्या मंचावर हिशेब अगदी वेगळा येतो. तिथे प्रत्येक कृतीला गुण आहेत. नवी नोंद करायला ३, बदलायला २, पुसायला १. तासाला ५,००० गुण खर्च करता येतात. तेच १०,०००चं काम दोन तासांत उरकतं.

८. घरी काय लागतं

फार काही नाही. जुना लॅपटॉप चालतो, रास्पबेरी पाय चालतो. पाच वॅटचं यंत्र महिनाभर अहोरात्र चालू ठेवलं तर ५ गुणिले २४ गुणिले ३०, म्हणजे ३,६०० वॅट-तास : वीजबिलात ३.६ युनिट.

घरी वेबसाइट चालवायची तर बाहेरच्यांना आत यायला वाट द्यावी लागते, आणि आपल्याकडच्या बऱ्याच घरगुती जोडण्यांत कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे ते जमतच नाही. पुसणाऱ्या प्रोग्रामला ही अडचण येत नाही. तो स्वतःच बाहेर जाऊन विनंती करतो, त्याच्याकडे कुणाला यावं लागत नाही. राउटरची कोणतीही सेटिंग बदलायची गरज पडत नाही. म्हणूनच सेल्फ-होस्टिंग शिकायला सुरुवात करणाऱ्याने या कामापासून करावी असं मी सुचवेन.

ठरल्या वेळी प्रोग्राम सुरू करण्याचं काम लिनक्समध्ये क्रॉन करतं. ‘दर रविवारी पहाटे तीन वाजता’ असं त्याला एका ओळीत सांगता येतं. त्या रविवारी गावातली वीज गेली असली तरी नुकसान नाही. नियम वयावर आधारलेला आहे, त्यामुळे सुटलेल्या पोस्ट पुढच्या रविवारी आणखी सात दिवस जुन्या होऊन समोर येतातच.

दोन गोष्टींची काळजी घ्यायची. टोकन ज्या फाइलमध्ये आहे ती फक्त तुमच्या वापरकर्ता नावालाच वाचता येईल अशी ठेवा, आणि प्रोग्रामची प्रत कुणाला दिली तर त्यातून ती फाइल वगळा. आणि पोस्टच्या प्रती यंत्राच्या मेमरी कार्डावरच ठेवून निर्धास्त होऊ नका. ती कार्डं मरतात. दर काही महिन्यांनी प्रती वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या.

९. काय पुसलं जात नाही

आपण सर्व्हरला ‘पुसा’ म्हणतो तेव्हा तो मूळ पोस्ट पुसतो. स्क्रीनशॉट पुसले जात नाहीत. इंटरनेट अर्काइव्हने ते पान साठवून ठेवलं असेल तर ती प्रत राहते. मॅस्टोडॉनवर ‘पुसा’ हा निरोप मिळालेल्या दुसऱ्या सर्व्हरने तो पाळावा अशी अपेक्षा असते, पण एखादा बंद पडलेला किंवा अडेलतट्टू सर्व्हर पाळत नाही आणि त्याच्यावर सक्ती करणारं कुणी नाही. ब्लूस्कायवरच्या पोस्टचा प्रवाह कुणालाही घेता येतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या दहा लाख पोस्टचा संच यंत्रांना शिकवण्यासाठी म्हणून जाहीरपणे ठेवला गेला, आणि लोक संतापल्यावर काढून घेतला गेला. दरम्यान तो कुणी कुणी उतरवला होता ते कसं कळणार?

कायद्याकडून इथे फार आधार मिळत नाही. युरोपात २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआरच्या १७ व्या कलमाने माहिती पुसून घेण्याचा हक्क दिला. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही दुरुस्तीचा आणि पुसून घेण्याचा हक्क आहे. पण जी वैयक्तिक माहिती माणसाने स्वतःच जाहीर केली तिला हा कायदा लागू होत नाही, असं त्यातच म्हटलं आहे. एवढंच नव्हे, समाजमाध्यमावर आपली मतं लिहिताना स्वतःची माहिती जाहीर करणाऱ्या व्यक्तीचं उदाहरणही कायद्यात दिलं आहे. जाहीर पोस्टच्या बाबतीत आपलं यंत्र कायद्यापेक्षा पुढे जातं ते असं.

१०. एक्स, फेसबुक, इन्स्टाग्राम

बहुतेक मराठी वाचकांची खाती इथेच आहेत आणि दुर्दैवाने घरच्या यंत्राला इथे फारसा वाव नाही. एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, मुक्त प्रवेश होता तेव्हाही प्रोग्रामला सर्वांत अलीकडची ३,२०० ट्विटच दिसत. जुन्यांसाठी आधी आपलं संग्रहण मागवून घ्यावं लागे. आता मायका ली यांच्याच गटाचं ‘सायड’ हे साधन आपल्या संगणकावर एक्सचं पान उघडतं आणि माणसासारखी बटणं दाबत पुसत जातं. पण प्रोग्रामकडून वेबसाइट अशी हाताळून घेणं एक्सच्या नियमांत बसत नाही, खातं गोठवलं जाऊ शकतं, हे जाणूनच ते करायला हवं. आधी संग्रहण मागवा, ते घरी पोहोचल्याशिवाय काहीही पुसू नका.

फेसबुक प्रोग्रामला जुन्या वैयक्तिक पोस्ट पुसू देत नाही. २०२० पासून तिथे ‘मॅनेज ॲक्टिव्हिटी’ आहे. तारखेच्या टप्प्याने पोस्ट निवडून एकगठ्ठा कचऱ्यात टाकता येतात, त्या तिथे ३० दिवस राहतात आणि मग जातात. इन्स्टाग्रामवरही अशी एकगठ्ठा निवड करता येते. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईच्या सुमारास, हे काम हातानेच उरका.

११. कुणी पुसू नये

२०१० मध्ये नेदरलँड्समध्ये ‘पॉलिटवूप्स’ नावाचा उपक्रम सुरू झाला. राजकारण्यांनी पुसलेली ट्विट तो लोकांसमोर ठेवत असे, आणि पुढे इतर देशांतही तो पसरला. ट्विटरने २०१५ मध्ये त्याचा प्रवेश तोडला, आणि टीका झाल्यावर त्याच वर्षाच्या अखेरीस परत दिला. त्या वादात मी पॉलिटवूप्सच्या बाजूचा आहे. मंत्र्याने, नगराध्यक्षाने, पोलीस आयुक्तालयाने, विद्यापीठाने जाहीर खात्यावरून केलेली घोषणा ही त्या पदाची नोंद आहे. पाणीपुरवठा अमुक तारखेला सुरू होईल असं लिहिलं असेल तर ते वर्षभराने आपोआप नाहीसं होता कामा नये.

चौकशी किंवा खटला चालू असेल तर सामान्य माणसानेही यंत्र ताबडतोब थांबवायचं. पुरावा म्हणून मागितली जाऊ नये यासाठी इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा आहे, आणि ‘यंत्राने आपोआप पुसलं’ हे उत्तर वकिलाच्याही कामाला येणार नाही. वकिलाशी बोलण्याआधी क्रॉनमधली ती ओळ बंद करा आणि आधीच्या प्रती जपून ठेवा.

निवडून आलेल्या किंवा पदावर असलेल्या माणसाला खासगी आयुष्य असतंच. त्याने दोन खाती ठेवावीत. घरच्या गप्पांच्या, क्रिकेटच्या, नाटक-सिनेमाच्या खात्याला हवी ती मुदत घालावी. पदाच्या खात्याला कोणतंही पुसणारं साधन जोडू नये, त्याचं टोकन कुणाही कार्यकर्त्याच्या लॅपटॉपवर ठेवू नये, आणि पद सोडताना ते खातं सगळ्या जुन्या पोस्टसह पुढच्या माणसाकडे सोपवावं.